म्हसोबाची सवलत

मु. पो. शेळगाव, ता. इंदापूर
२८ नोव्हेंबर १९९३

सर्जेराव पाव्हणे यांना महिपतीचा रामराम.

लासुर्ण्याच्या बाजारात चार माणसांदेखत तुम्ही म्हणालात, "व्याहीबुवा, यापुढं काय असंल ते कागदावर." म्हणून हा कागद. माझी शाळा तिसरीपर्यंतची. वाचायला त्रास झाला तर तो तुमच्याच शब्दाचा समजा.

तुमच्या बिरूची बायको, म्हणजे माझी रतन, दिवाळीपासून माझ्या वस्तीवर आहे. उजवा हात प्लास्टरात आहे. मोरीत पाय घसरून पडली असं तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत. मी तिला विचारलेलं नाही. विचारलं तर ती सांगेल, आणि सांगितलं तर मला काहीतरी करावं लागेल. माझं वय अडुसष्ट. सून भाकरी थापताना तवा आपटते, तो कुणासाठी आपटते हे मला कळतं. लेक किती दिवस माहेरी ठेवायची याला काही रीत आहे. तेव्हा तुम्ही या आणि तिला घेऊन जा. पण आधी पोराला काहीतरी समज द्या.

त्यात आमच्या गावाला दारूबंदीचा ताप भरला आहे. प्रयागबाई म्हणून एक विधवा आहे, तिचा नवरा दोन वर्षांमागं हातभट्टीची पिऊन कालव्याच्या चारीत पडला तो तिथंच गेला. तिनं पंचवीस-तीस बाया गोळा करून ओढ्यातली भट्टी फोडली. फोडली ते बरं केलं. पण गावात काही बरं झालं की त्याला अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब. आप्पासाहेब कारखान्याचे डायरेक्टर. कारखान्याच्या मळीपासून काय गाळतात हे सगळ्या ऊसवाल्यांना माहीत आहे, आणि डायरेक्टर लोक मीटिंग संपल्यावर काय घेतात हेही. तर ते दारूबंदीचे अध्यक्ष. बारामतीच्या पेपरात फोटो आला. पुढं फुटकी मडकी, मध्ये आप्पासाहेब, आणि भट्टी जिनं फोडली त्या प्रयागबाईचं नुसतं कोपर.

रतन प्लास्टरातला हात गळ्यात घेऊन त्यांच्यात फिरते. तिनंच एक युक्ती काढली. जो पिऊन घरी येईल त्याच्या दारात साऱ्या बायांनी जाऊन बसायचं, शिवी नाही, मार नाही, आणि त्यानं स्वतः चूल पेटवून सगळ्यांना चहा करून पाजायचा. आता बाया वाढल्यात, म्हणजे चाळीस बायांचा चहा. पाणी त्यानं आणायचं, कपबशा त्यानं विसळायच्या. बायकोनं उठायचं नाही. पोलिसाला न भिणारे गडी या चहाला भितात. गेल्या आठवड्यात दोघं जण नशा उतरेपर्यंत उसातच बसून होते.

लोक हसतात ते गड्यांना हसतात, पण माझ्या लेकीकडं बघून हसतात. ते मला सोसत नाही.

लोभ होता तेवढा असावा.

महिपती


कंपनी क्वार्टर्स, वालचंदनगर
६ डिसेंबर १९९३

श्री. महिपतराव यांस,

आपले पत्र मिळाले. मी अठ्ठावीस वर्षे टाइमकीपर आहे. माणूस गेटातून किती वाजता आत आला आणि कोणत्या अवस्थेत आला हे मला तोंड न हुंगता समजते. त्यामुळे माझ्या मुलाबद्दल मला कुणी शिकवू नये.

बिरू बारामती एमआयडीसीत जातो. थंडीवाऱ्यात मोटारसायकलवर जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर होतात. पाळीचे काम, दिवसभर पत्र्याचा आवाज. असा माणूस घोटभर घेतो. सगळेच घेतात. आपणही आखाडात म्हसोबाच्या जत्रेत घेता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे, तेव्हा आपण माझ्याच शेजारी बसला होतात.

सूनबाईंची जीभ हा खरा प्रश्न आहे. क्वार्टरची भिंत चार इंचांची. त्या मोठ्याने बोलतात. पलीकडे सेक्शनचे साहेब राहतात. आता त्या गावोगाव फिरून पुरुषांकडून चहा करून घेतात हे ऐकून आमच्या सौ. तानूबाई दोन दिवस हसत होत्या. मला हसू आले नाही.

तरी मी समंजस माणूस आहे. आपल्या गावात शपथेची टूम निघाली आहे असे ऐकतो. बिरू आपल्या बिरोबापुढे भंडारा उचलेल. मग मात्र सूनबाईंनी फिरणे बंद करून घरी यावे.

आपला,
सर्जेराव


शेळगाव
३० जानेवारी १९९४

सर्जेराव पाव्हणे यांना रामराम.

सव्वीस तारखेला ग्रामसभा झाली. तुम्हाला सविस्तर लिहितो, कारण त्यात मी बोललो. अडुसष्ट वर्षांत पहिल्यांदा.

त्याआधी मोर्चा इंदापूरला जाऊन आला. आप्पासाहेबांनी उसाच्या चार ट्रॉल्या दिल्या. बाया उसाच्या पाचटावर बसून मामलेदार कचेरीत गेल्या, अर्ज दिला, आणि फाट्यावरचं सरकारमान्य दुकान हलवायचा हुकूम खरंच आला. माझा विश्वास नव्हता. दुकानाला कुलूप लागलं त्या दिवशी प्रयागबाईनं दारात रांगोळी काढली. मी म्हटलं, चार दिवसांचं आहे. लोकांना माझं बोलणं आवडलं नाही.

सभेत ठराव आला की गावाच्या शिवेत दारू गाळायची नाही, विकायची नाही, प्यायची नाही. बिरोबापुढं एकशे बारा गड्यांनी भंडारा उचलला. तुम्हाला सांगायला नको, भंडारा उचलून खोटं बोललेला माणूस आपल्यात सात पिढ्यांत नाही, निदान तसं म्हणायची रीत आहे. त्यातले दहा-बारा जण उचलतानाच झुलत होते. आप्पासाहेबांनी भंडारा उचलला नाही. ते म्हणाले, अध्यक्षानं शपथ द्यायची असते, घ्यायची नसते. या वाक्याला टाळ्या पडल्या. आमचं गाव कशालाही टाळ्या देतं.

मग कुणीतरी विचारलं, ओढ्याकाठच्या म्हसोबाचं काय. त्याच्या नवसाला बाटली लागते. मला बसवेना. ज्या वर्षी आमच्या बापानं म्हसोबाची बाटली चुकवली त्या वर्षी चाळीस मेंढरं आठ दिवसांत पाय खोडून मेली. मी सात वर्षांचा होतो, पुरायला खड्डे मीच उकरू लागलो होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, माणसाची बंद करा, देवाची करू नका. देवाला ठराव कळत नाही.

प्रयागबाई म्हणाली, "आबा, देवाला पाजायची तर देवालाच पाजा. सगळी बाटली दगडावर वता, वरनं पाणी घाला. मी न्हाय म्हणनार न्हाय."

मी म्हणालो, तसं चालत नाही. चार थेंब देवाला आणि उरलेला परसाद माणसानं घ्यायचा, ही रीत आहे. परसाद ओतून दिला तर देवाचा अपमान. म्हातारी माणसं माना हलवायला लागली. आप्पासाहेब माझ्याकडं बघून असे हसले जसं एखाद्यानं त्यांचं काम फुकटात करून दिलं. लगेच ग्रामसेवकाला सांगून ठरावाखाली लिहून घेतलं: म्हसोबाच्या नवसापुरती सवलत. मला पुढं बोलावून माझी सही घेतली. मी पूर्ण नाव लिहिलं.

घरी आल्यावर रतन चार दिवस माझ्याशी बोलली नाही. भर सभेत बापानं बायांच्या विरुद्ध बोलावं याचा तिला राग आला असेल. पोरींना देवाधर्माचं काय कळतं.

तिचं प्लास्टर निघालं आहे. बिरूला पाठवा. भंडारा उचलू दे, आणि हा विषय मिटू दे. माझी झोप गेली आहे.

महिपती


वालचंदनगर
२० फेब्रुवारी १९९४

श्री. महिपतराव यांस,

बिरू येऊन भंडारा उचलून गेला, आपण स्वतः त्याच्या कपाळाला लावलात. त्यास आज अठरा दिवस झाले. अठरा दिवसांत त्याने दारूला स्पर्श केलेला नाही. संध्याकाळी घरी असतो, आईला पाणी भरून देतो. दिवसाही घरीच असतो, कारण त्याने काही दिवस रजा टाकली आहे.

सूनबाईंना पाडव्याच्या आत पाठवावे. पाडव्याला सून घरात नाही हे क्वार्टर्समध्ये बरे दिसत नाही. आपण वडील आहात, आपला शब्द त्या मोडणार नाहीत.

आपल्या गावाने दुकान बंद केले याबद्दल अभिनंदन. आता आपल्याकडचे लोक इकडे येऊन पितात. आमच्या बाजारपेठेत संध्याकाळी गर्दी वाढली आहे.

सर्जेराव


शेळगाव
१९ एप्रिल १९९४

सर्जेराव पाव्हणे यांना रामराम.

पाडव्याच्या आधी चार दिवस रतनला तुमच्याकडं पोचवलं. तिची मर्जी नव्हती. मी एवढंच म्हणालो, "पोरी, भंडारा उचललाय त्यानं. आता न जाणं म्हंजे देवावर इस्वास न्हाय." ती कपडे भरायला लागली. माझ्या शब्दाची तिला अजून किंमत आहे, हे बघून बरं वाटलं. प्रयागबाई गाडीपर्यंत आली होती. माझ्याशी बोलली नाही.

परवा रतनचं कार्ड आलं. बरी आहे.

आता गावाचं ऐका. कारखान्याची निवडणूक लागली. आप्पासाहेबांचं एक पॅनेल, विरुद्ध दुसरं. निवडणूक म्हटली की पाजावं लागतं, आणि गावात तर दारूबंदी. अध्यक्षच दारूबंदीचे. तर काय केलं असेल? आप्पासाहेबांनी विजयासाठी म्हसोबाला नवस बोलला. नवस आधीच फेडायचा, कारण देवावर विश्वास आहे म्हणाले. एका रविवारी पाच खोकी बाटल्या देवापुढं ठेवल्या. प्रत्येक बाटलीचे चार थेंब दगडावर, बाकीचा परसाद. दुसऱ्या रविवारी दुसऱ्या पॅनेलचा नवस. त्यांनी सात खोकी आणली, म्हणजे त्यांची भक्ती जास्त. बाया तिथं गेल्या तर ग्रामसेवकानं ठरावाची वही काढून दाखवली. सवलत आहे.

निवडणूक झाली, आप्पासाहेब निवडून आले, पण नवस थांबेनात. आता ज्याला म्हसोबा कुठल्या अंगाला आहे हे माहीत नव्हतं तो दर रविवारी दंडवत घालतो. एकाची म्हैस गाभण राहावी म्हणून नवस. ती राहिली म्हणून फेड. एकाच्या पोराला दहावीत बरे मार्क पडावेत म्हणून नवस, पोरगं सातवीत आहे. एकानं मला पाया पडून सांगितलं, "आबा, तुमच्यामुळं देवाची आठवन झाली." हा तोच, ज्यानं बापाच्या दहाव्याला यायला उशीर केला होता.

चहाची शिक्षाही आता चालत नाही. रतन गेल्यापासून बाया कमी झाल्या. दारात बसल्या तर गडी म्हणतो, मी प्यालो नाही, मी परसाद घेतला. त्याची आईच त्याच्या बाजूनं बोलते. देवाचं नाव आलं की म्हाताऱ्या उठून घरी जातात. मागच्या आठवड्यात पाच बाया उरल्या होत्या. त्या गड्यानं हसत हसत चहा केला आणि वर विचारलं, साखर बरोबर झाली का.

आता मुद्द्याचं. गेल्या रविवारी बिरू तिथं होता. मोटारसायकल बाभळीला लावली होती. मी लांबून ओळखली. जवळ गेलो तर म्हणाला, "आबा, रतन परत यावी म्हनून बोललो होतो म्हसोबाला. फेडायला आलोय." हातात बाटली अर्धी होती. त्याची सुटी गुरुवारची, म्हणजे दिवस कामाचा होता, आणि रजा एवढी लांब कुठली असते?

मला नीट लिहा. मी काळजीत आहे.

महिपती


वालचंदनगर
२७ एप्रिल १९९४

श्री. महिपतराव यांस,

आपणच सभेत उभे राहून सवलत मिळवलीत. आपली सही आहे, पूर्ण नावानिशी, असे आपणच अभिमानाने लिहिलेत. माझ्या मुलाने आपल्या गावच्या देवाचा, आपल्या गावच्या ठरावाप्रमाणे, आपल्याच मुलीसाठी बोललेला नवस फेडला. आता आपण मलाच विचारता?

भंडारा बिरोबाचा होता. प्रसाद म्हसोबाचा. यात शपथ कुठे मोडली ते मला दाखवून द्यावे.

बिरूची रजा हा आमच्या घरातला विषय आहे. सूनबाई सुखात आहेत.

सर्जेराव


शेळगाव
२१ ऑगस्ट १९९४

सर्जेराव,

चार महिने लिहिलं नाही. तुम्हीही लिहिलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात सकाळच्या गाडीनं तुमच्या तानूबाई रतनला घेऊन फाट्यावर उतरल्या. तुम्हाला न सांगता आल्या होत्या, हे मला त्यांच्या पायातल्या चपलेवरून कळलं. घरातली चप्पल होती. वस्तीवर आल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. मला एवढंच म्हणाल्या, "घ्या तुमची लेक. माज्यानं आता राखवत न्हाय." आणि त्याच गाडीची परतीची वाट बघत सडकेला उभ्या राहिल्या. अठ्ठावीस वर्षं गेटावर बसून तुम्हाला जे दिसलं नाही ते त्या बाईला स्वयंपाकघरातून दिसत होतं.

रतनच्या डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. बारामतीच्या डॉक्टरांनी बघितलं. ऐकू येणार नाही म्हणाले. मोरीत घसरून कान जात नाही, तेव्हा यावेळी दुसरं काहीतरी शोधा. बिरूची नोकरी डिसेंबरमध्येच गेली होती, हेही तिच्याकडून कळलं. म्हणजे भंडारा उचलायला आला तेव्हा कामावर नव्हता, आणि तुम्ही मला रजा लिहीत होता.

जुलैच्या ग्रामसभेत मी दुसऱ्यांदा उभा राहिलो. म्हणालो, माझी चूक झाली, सवलत काढून टाका. सभेला तेवीस माणसं. त्यातले निम्मे परसाद घेऊन आलेले. एक जण म्हणाला, "आबा, मेंढरं मरतील की." सगळे हसले. गावात आता किती मेंढरं आहेत? सगळ्या शिवारात ऊस आहे. आप्पासाहेब म्हणाले, देवाच्या कामात पंचायतीनं पडू नये. त्यांच्या पुतण्यानं बारामती रोडला परमिट रूम टाकली आहे, उद्घाटनाला तेच होते. फोटो आला. हात वर केला तो एकट्या प्रयागबाईनं. मोजायची गरज पडली नाही.

मग मी दर रविवारी सकाळी जाऊन म्हसोबापुढं बसायला लागलो. जो बाटली आणेल त्याच्या हातातून घ्यायची आणि सगळी दगडावर ओतायची. म्हातारा माणूस, आणि सवलत त्यानंच आणलेली, म्हणून पहिल्यांदा कुणी हात लावला नाही. भीती मलाही होती. तीन रविवार ओतली. काही झालं नाही, ना मला, ना गुराला. म्हणजे साठ वर्षं मी उगाच भीत होतो. चाळीस मेंढरं रोगानं मेली असतील. बाप अडाणी होता, मी तिसरी शिकून तसाच राहिलो.

चौथ्या रविवारी कुणीच आलं नाही. मला वाटलं, जमलं. दुपारी प्रयागबाई सांगत आली, ओढ्याच्या वरच्या अंगाला गड्यांनी एका धोंड्याला शेंदूर लावला आहे. नवा म्हसोबा. तिथं बसले आहेत, आणि हा जास्त पावतो म्हणून सांगतात. ज्या गावाला प्यायला नवा देव लागतो आणि तो अर्ध्या दिवसात मिळतो, त्या गावापुढं मी काय करू. घरी आलो.

रतनला परत पाठवणार नाही, असं अजून मी लिहीत नाही. मला सुचेनासं झालं आहे.

महिपती


वालचंदनगर
११ डिसेंबर १९९४

व्याहीबुवांना सर्जेरावाचा नमस्कार.

आपले ऑगस्टचे पत्र जपून ठेवले आहे. उत्तर देण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते.

मी महिनाअखेरीस निवृत्त होत आहे. क्वार्टर सोडावे लागेल. गावाकडे दोन खोल्या आहेत, तिथे जाऊ. तानूबाई माझ्याशी कामापुरते बोलतात. बिरू दिवसा झोपतो. मागच्या आठवड्यात त्याने माझ्या खिशातले घड्याळ विकले. कंपनीने पंचवीस वर्षांबद्दल दिलेले होते. मी विचारले तर माझ्या अंगावर आला. मी खोली बाहेरून लावून घेतली आणि पायरीवर बसलो. पलीकडच्या साहेबांनी पाहिले.

त्यानंतर तो रडला. जेजुरीला जाऊन आला, खंडोबापुढे पुन्हा भंडारा उचलला. म्हणतो, रतन आली तर मी सुधारतो, ती नसल्यामुळे असे होते. मला त्याचे खरे वाटते. बापाला वाटावेच लागते. घरात बाईमाणूस असले की पुरुष धाकात राहतो, आणि तानूबाई आता थकल्या आहेत.

आपण वडील आहात. मागच्या वेळी आपल्या एका शब्दावर सूनबाई आल्या. तोच शब्द पुन्हा एकदा टाकावा. मी आजवर कुणाकडे काही मागितलेले नाही.

आपला,
सर्जेराव


शेळगाव
८ जानेवारी १९९५

सर्जेराव यांना,

पत्र महिनाभर माझ्या उशाखाली होतं. काय लिहावं याचा विचार रोज केला. तुमची दया येते, खोटं बोलत नाही. अंगावर आलेला पोरगा म्हणजे काय हे तुम्हाला आता कळलं. रतनला ते चार वर्षं आधी कळलं होतं, आणि तिला खोली बाहेरून लावून घ्यायला कडी नव्हती, कारण ती आत असायची.

गावातली दारूबंदी संपली. फाट्यावरचं दुकान हुकूम फिरवून पुन्हा उघडलं. समितीचा फलक आहे, त्यावर कुणीतरी बियाण्याची जाहिरात चिकटवली आहे. प्रयागबाई रोजगाराला जाते. मी भेटलो तर म्हणाली, "आबा, साताठ म्हैने का हुईना, माज्या दोन सुनांनी मार खाल्ला न्हाय. तेवढं झालं की." एवढ्यावर ती खूश आहे. मला तिचा राग येतो आणि तिच्याकडं बघवतही नाही.

आता मी तुमच्यापासून लपवलेलं सांगतो. एप्रिलमध्ये मी तुम्हाला लिहिलं की रतनचं कार्ड आलं, बरी आहे. कार्डावर तिनं लिहिलं होतं, "आबा, येऊन न्या." एवढंच, खाली सही. पोस्टमननं वाचलं असणार. मी ते धान्याच्या कणगीत टाकलं आणि तुम्हाला बरी आहे असं लिहिलं. मला वाटलं, चार दिवस सोसेल तर मिटेल. वाटलं, पुन्हा लेक घरी आली तर सून काय म्हणेल, गाव काय म्हणेल. त्यानंतर ती दोन महिने तिथं होती. कान त्या दोन महिन्यांत गेला. आप्पासाहेबांना, गावाला, तुम्हाला मी एवढी नावं ठेवली. त्यातलं कुणीही ते कार्ड वाचलं नव्हतं. मी वाचलं होतं.

रतन आता बारामतीला एमआयडीसीत दुधाच्या प्लँटवर पिशव्या भरायच्या खात्यात कामाला लागली आहे. दोघी-तिघींत मिळून खोली आहे. सुटीला वस्तीवर येते. काल आली होती. मी तुमचं पत्र तिच्या हातात दिलं आणि कार्डाचंही सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय. कार्ड पोचलं न्हाय असं कदी झालं न्हाय." म्हणजे दोन महिने ती तिथं हे माहीत असून राहिली की बापाला कळलं आहे आणि तो येत नाही.

पत्र तिनं सावकाश वाचलं. मला वाटलं चिडेल. ती म्हणाली, "मामंजींच्या अक्षराला वळन हाय चांगलं." मग मला विचारलं, "आबा, तुमी काय म्हंता?"

एवढं सगळं होऊन ती मला विचारत होती. मी चार वाक्यं जुळवून ठेवली होती, देवाची, रीतीची, तुमच्या म्हातारपणाची. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही. मी म्हणालो, "जाऊ नगं."

ती उठून भांडी घासायला बसली. सून म्हणाली, मी घासते, तर दोघी मिळून घासत बसल्या.

तर माझा शब्द हा असा आहे. तुम्ही मागितलात म्हणून कळवला.

तुम्ही तानूबाईंना घेऊन वस्तीवर येत असाल तर या. एक खोली रिकामी करून देतो. बिरू नको. तो सुधारला तर ते त्यानं लिहावं. सव्वा वर्षात तुमची-माझी इतकी पत्रं झाली, दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांना शिकवण्यात शाई घालवली, त्यात त्याच्या हातची एक ओळ नाही. रतनच्या हातची एक होती, आणि ती मी कणगीत टाकली.

महिपती